छर्रा कोणता घ्यावा: साधा, मधला की मॅचचा?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नाशिकला गंगापूर रोडकडच्या आमच्या छोट्या एअर रायफल रेंजवर नवे पालक यायला लागतात. परवा एक गृहस्थ आले, दोन्ही हातांत छर्र्यांचा, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्यांचा, एकेक डबा. "सर, यातला कोणता? दुकानदार म्हणतो महागाचा घ्या, पोरीचे दहा पॉइंट वाढतील." मी विचारलं, "मुलीचा ग्रुप केवढा येतो?" त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांना वाटलं व्हॉट्सअॅपचा ग्रुप.

हसलो खरं, पण या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ग्रुप म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या दहा शॉट्सचा पसारा. तो माहीत नसताना छर्रा निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता बूट आणणं.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. तिथे तो रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतो आणि रायफलची काडतुसं गॅरेजमध्ये बसून स्वतः भरतो. फोन आला की तासभर एकच विषय: दारू कोणती चांगली. (पहिल्यांदा स्पीकरवर ऐकून माझी बायको दचकली होती. बंदुकीची दारू, बाई.) जलद जळणारी की सावकाश, थंडीत आणि उन्हाळ्यात सारखी वागणारी की नाही, कोणत्या वजनाच्या गोळीमागे कोणती, हे सगळं तो ठरवू शकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच मिटला आणि दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दारू नसतेच. हवेचा दाब कारखान्यातून ठरून येतो. त्यामुळे नळीत काय घालायचं, एवढीच निवड आपल्या हाती उरते. म्हणून छर्र्यावर इतका खल.

अधूनमधून कुणीतरी "कबुतरं फार झालीत, त्यासाठी कोणता?" असंही विचारतो. त्याला मी दारातूनच परत पाठवतो.

आकाराचं लवकर उरकतो. छर्रा डमरूसारखा असतो: पुढे भरीव डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात. मागून हवा आली की स्कर्ट फुलून नळीला घट्ट बसतो. डोकं चपटं, गोल किंवा टोकदार असतं. कागदी टार्गेटसाठी चपटंच घ्या, कारण ते पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतं. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि मग रेषेला लागला की नाही यावर वाद होतात. स्पर्धेच्या नियमात आकाराचं बंधन नाही, शिसं किंवा तसाच मऊ धातू आणि ४.५ मिमी एवढंच आहे. तरी दहा मीटरच्या स्पर्धेत चपट्याशिवाय दुसरं काही मी पाहिलेलं नाही. ५.५ मिमीचा डबा कुणी स्वस्तात दिला तर घेऊ नका. आपल्या नळीत तो जाणार नाही, आणि त्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते.

आता मुख्य तुलना. नाशिकमध्ये हाती लागणारे डबे मी तीन थरांत बघतो. खालच्या थरात देशी चपटे छर्रे, गॅमो मॅच (०.४९ ग्रॅम) आणि आरडब्ल्यूएस हॉबी (०.४५ ग्रॅम). मधल्या थरात आरडब्ल्यूएसचे माइस्टरकुगेल्न. वरच्या थरात मॅचचे, म्हणजे खास स्पर्धेसाठीचे: आरडब्ल्यूएस आर १० आणि एच अँड एनचे फिनाले मॅच. हे शेवटचे दोन रायफलसाठी बहुधा ०.५३ ग्रॅमचे घेतात. किंमत आयातीप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे हलते, पण वरचा डबा खालच्याच्या दुपटीहून महाग पडतो, हे धरून चाला.

पैसे कशाचे जातात? एकसारखेपणाचे. हे पटावं म्हणून एकदा मी दोन डब्यांतले वीस-वीस छर्रे घेऊन सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतात. साध्या डब्यात दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यातच फरक पडत होता. मॅचच्या डब्यात दुसरा आकडा जागचा हलेना, फक्त तिसरा नाचत होता. काका म्हणाले, "अहो, इतकं तर आम्ही नथीच्या मोत्यालाही तोलत नाही."

त्या दुसऱ्या आकड्याने काय बिघडतं ते सांगतो. मॅच रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत जवळपास १७-१८ मिमी खाली येतो. साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) लावताना आपण ते भरून काढलेलं असतं. पण एखादा छर्रा ०.०१ ग्रॅमने जड निघाला तर तो किंचित हळू जातो आणि मिलिमीटरचा तिसरा हिस्सा आणखी खाली लागतो. एका शॉटचे गुण दशांशात मोजतात, आणि दहाच्या वर्तुळात मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण जातो. म्हणजे बोट, श्वास, नजर सगळं बरोबर असूनही १०.७ चा १०.६ होतो.

इथपर्यंत वाचून मॅचचाच डबा घ्यावा असं वाटेल. थांबा.

छर्र्याचा पसारा आणि नेमबाजाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचं, शाळेतल्या पायथागोरससारखं. नवीन मुलीचा ग्रुप २५ मिमी धरा. तिला ३ मिमी पसरणारा साधा छर्रा दिला तर कागदावर २५.१८ मिमी येईल. १ मिमी पसरणारा उत्तम छर्रा दिला तर २५.०२. फरक दिसायला भिंग लागेल. साठ शॉट्समध्ये तिचा स्कोर ४६० च्या आसपास असणार, आणि महागाच्या डब्याने त्यात एखाद-दीड गुणाची भर पडेल. दुकानदाराचे दहा पॉइंट कुठून आले, देव जाणे.

आता राज्य स्पर्धेतली मुलगी घ्या, ग्रुप ६ मिमी. साध्या छर्र्याने तिचे ६.७ होतात, उत्तम छर्र्याने ६.०८. साठ शॉट्सना साधारण पाच गुण. ६१० च्या टप्प्यावर पाच गुण म्हणजे कितीतरी जागा वर किंवा खाली. तिने साधा डबा वापरणं हा स्वतःच्या मेहनतीचा अपमान आहे.

म्हणून माझा हिशेब असा. दहा शॉट्सचा ग्रुप १५ मिमीच्या आत येईपर्यंत खालचा थर. १५ पासून ८-९ पर्यंत मधला, आणि त्याखाली आलात की वरचा. हे आकडे कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत, रेंजवर बसून जमवलेले आहेत. दुसऱ्या कोचचे थोडे वेगळे असतील.

यातला पैशाचा भाग पालक विसरतात. आठवड्यात पाच दिवस, रोज ८० शॉट म्हणजे ४०० छर्रे. पाचशेचा डबा सव्वा आठवड्यात संपतो आणि वर्षाला चाळीसेक डबे लागतात. सुरुवातीला वरच्या थराचे चाळीस डबे घेणाऱ्या बाबांना मी सांगतो, त्याच फरकात मुलीसाठी चांगलं जॅकेट येतं. जॅकेटने ग्रुप खरोखर लहान होतो.

रायफल कोणती आहे यावरही अवलंबून आहे. घरच्या देशी स्प्रिंग रायफलला धक्का असतो आणि तिच्या नळीचा स्वभावही वेगळा असतो. तिच्यात आर १० घालणं म्हणजे रिक्षात विमानाचं पेट्रोल. त्यातही हलका, ०.४५ चा छर्रा तिला बरा जातो असा माझा अनुभव आहे. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अॅनशुट्झ अशा दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलींना मात्र ०.५३ चा मानवतो.

डोक्याच्या मापाचा घोळ

वरच्या थरात गेलात की डब्यावर आणखी एक आकडा दिसतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा डोक्याचा व्यास. सगळे विचारतात, यातला चांगला कोणता? कुठलाच नाही. तुमच्या नळीला जो जुळेल तो. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन रायफलींची आवड वेगळी निघालेली मी पाहिली आहे.

तपासायची रीत साधी आहे, चिकाटी मात्र लागते. रायफल पकडीत आवळायची. पकड नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून त्यावर ठेवायची. आमची पकड सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली, नळीला धक्का लागू नये म्हणून आतून रबर लावून. छर्रा बदलला की पहिले वीस शॉट मोजायचे नाहीत, नळी नव्या शिशाला रुळू द्यायची. मग दहा-दहाचे किमान तीन ग्रुप. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा. दहा शॉट्सचं एकच भोक पडलं आणि ते वजाबाकीआधी साडेपाच-सहा मिमीच्या आत असलं तर तो डबा तुमचा. एका ग्रुपवरून ठरवू नका. नशिबाने एक ग्रुप कुणाचाही छान येतो, आणि नेमका त्याचाच फोटो घरी जातो.

इथे माझी फजिती सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाला ४.५० चे छर्रे छान जुळले. मी खुशीत त्याच कंपनीचे, त्याच मापाचे बारा डबे मागवले. आले ते वेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातून वेगळ्या खेपेत निघालेले. ग्रुप दीडपट झाला. मी महिनाभर त्या पोराच्या ट्रिगर धरण्यावर वैतागत राहिलो, आणि तो बिचारा ऐकत राहिला. शेवटी रायफल पकडीत बांधली तेव्हा दोष कुणाचा ते कळलं. तेव्हापासून आधी एक डबा आणतो, तपासतो, आणि जुळला तर त्याच लॉटचे उरलेले लगेच बुक करतो. लॉट नंबर डब्याच्या मागच्या लेबलवर असतो. विकणारा तो सांगायला टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे बघा.

मॅचचा डबा घेऊनही लोक तो कसा वापरतात, ते बघवत नाही. शिसं मऊ असतं. डबा दप्तरात खुळखुळत आणला की स्कर्ट चेपतात, आणि चेपलेला स्कर्ट हमखास एखादा शॉट आठमध्ये टाकतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काचेच्या तुकड्यावर एकेक छर्रा घरंगळवून बघा. चांगला सुरेख गोलाई घेत जातो, चेपलेला लंगडतो. लंगडे सरावाला ठेवा. पावसाळ्यात दुसरी भीती. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा ओली होते आणि उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरट भुकटी चढते. झाकण घट्ट लावा, आत सिलिका जेलची पुडी टाका. भुकटी चढलेले छर्रे पुसून वापरू नका. ती भुकटीही विषारीच.

शिसं आहे म्हणून एवढं पाळाच: छर्रा ओठांत धरायचा नाही, रेंजवर खायचं नाही, आणि मिसळीला जाण्याआधी साबणाने हात धुवायचे. लहान मुलांच्या बाबतीत यात सूट नाही. बिनशिशाचे छर्रेही मिळतात. ते हलके आणि कडक असतात, आणि आमच्या नळ्यांत त्यांचे ग्रुप मोठे आले. घरी अगदी लहान भावंडं असतील तर सुरुवातीच्या मुलासाठी त्यांचा विचार करायला हरकत नाही. २५ मिमीच्या ग्रुपला ते काय बिघडवणार?

देशी की आयात, हा वाद मी फार ताणत नाही. देशी डबा हवा तेव्हा मिळतो, बाहेरचा कधीकधी दोन-दोन महिने येत नाही. नवशिक्यासाठी सलग एकच छर्रा मिळणं हे छर्रा उत्तम असण्यापेक्षा महत्त्वाचं, कारण दर महिन्याला डबा बदलला की साइट हलते आणि चूक आपली की छर्र्याची हे मुलाला कधीच कळत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं तेव्हापासून आमच्याकडे मुलांची रांग लागली आहे. त्यातली बरीचशी मुलं पहिलं वर्ष देशी डब्यावरच काढतात, आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

त्या बाबांना मी दोन्ही डबे परत पिशवीत ठेवायला सांगितलं आणि मुलीला क्लबच्या रायफलवर दहा शॉट मारायला लावले. बावीस मिमी. त्यांनी फुटपट्टी स्वतः धरली, दोनदा मोजलं, आणि मॅचचा डबा बदलून मिळेल का म्हणून दुकानदाराला तिथूनच फोन लावला.