सगळे एकदम वाजणारे स्मोक अलार्म: वापरून पाहिल्यावरचं मत

आधी निकाल सांगते. घरासाठी स्मोक अलार्म घेणार असाल तर तीन गोष्टी बघा: फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे उजेडाच्या साहाय्याने धूर ओळखणाऱ्या प्रकारचे हवेत, एकमेकांशी बिनतारी जोडलेले हवेत, आणि आत १० वर्षांची सीलबंद बॅटरी हवी. आमच्याकडे असा संच बसवला आहे आणि मी त्यावर समाधानी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा रचनेचे संच बरेच जण बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते रचनेबद्दल आणि बसवायच्या जागांबद्दल आहे. महागडा अलार्म चुकीच्या जागी बसवला तर तो नसल्यासारखाच.

मी एका कारखान्यात विद्युत देखभालीचं काम करते. तिथली आग-सूचना यंत्रणा माझ्याच अखत्यारीत येते, त्यामुळे घरचे अलार्म निवडताना जरा जास्तच खोलात शिरले. आमचं घर दुमजली. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर मुलांची आणि आमची बेडरूम, मध्ये पॅसेज. पूर्वी जिन्यात एकच सुटा अलार्म होता. चांगल्या अलार्मचा आवाज ३ मीटरवर ८५ डेसिबल असावा लागतो, तेवढा त्याचा होता. पण झोपलेल्या माणसाच्या उशीशी ७५ डेसिबल तरी पोचावेत, असं अमेरिकेतली एनएफपीए ७२ ही आग-सूचना यंत्रणांची संहिता सांगते. कामावरचं ध्वनिमापक घरी आणून मुलांच्या खोलीचं दार लावून मोजलं. काटा साठच्या खालीच राहिला. दार उघडल्यावर आकडा झटकन वर गेला.

इथे खरा पेच आहे, कारण रात्री दार लावून झोपणंच चांगलं. बंद दारामुळे धूर आणि उष्णता खोलीत शिरायला बराच वेळ लागतो, तो वेळ बाहेर पडायला किंवा मदत येईपर्यंत उपयोगी पडतो. मात्र तेच दार आवाजही अडवतं. यावर उपाय एकच. अलार्म प्रत्येक बेडरूमच्या आत हवा, बाहेर पॅसेजमध्येही हवा, आणि एकाला धूर लागला की सगळ्यांनी वाजायला हवं. खाली हॉलमध्ये सोफा धुमसायला लागला तर मुलाच्या डोक्यावरचा अलार्म त्याच क्षणी वाजतो. जोडलेल्या संचाचे जास्तीचे पैसे मी या एका गोष्टीसाठी मोजले आणि पुन्हाही मोजेन.

घाई एवढी का, तेही सांगते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने घरगुती अलार्मच्या चाचण्यांचा अहवाल २००४ मध्ये काढला. ज्वाळांच्या आगीत घरातली हवा जीवघेणी व्हायला १९७० च्या दशकातल्या चाचण्यांत सरासरी १७ मिनिटं लागली होती. नव्या चाचण्यांत सरासरी ३ मिनिटंच लागली. फोमच्या गाद्या आणि सोफे फार वेगाने पेटतात आणि त्यांचा धूर दाट, विषारी असतो. तीन मिनिटांत जागं व्हायचं, मुलांना उठवायचं, सासूबाईंना हाताला धरायचं आणि बाहेर पडायचं. अशा वेळी अर्धं मिनिटही मोठं असतं.

आता प्रकार. बाजारात मुख्यतः दोन मिळतात. आयनीकरणाच्या अलार्ममध्ये अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. त्याच्या अल्फा कणांमुळे आतल्या हवेतून किंचित विद्युतप्रवाह वाहत राहतो, धुराचे कण आले की तो घटतो आणि अलार्म वाजतो. भडकन पेटलेल्या आगीचा बारीक धूर हा लवकर ओळखतो. फोटोइलेक्ट्रिकमध्ये एक काळी, वळणावळणाची डबी असते. तिच्यात एक छोटा दिवा आणि एक प्रकाशग्राहक असे तिरके बसवलेले असतात की एरवी दिव्याचा उजेड ग्राहकावर पडतच नाही. धुराचे कण आत आले की त्यांच्यावरून उजेड विखुरतो, थोडा ग्राहकावर पडतो, आणि अलार्म वाजायला लागतो. धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर हा पुष्कळ आधी पकडतो. रात्री माणसं झोपेत असताना गादी, सोफा, भिंतीतली जळकी वायर यांची आग बहुधा धुमसतच वाढते. शिवाय स्वयंपाकाच्या साध्या धुरावर हा उगाच कमी बोंबलतो, आणि हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सारखा खोटा वाजणाऱ्या अलार्मची बॅटरी कुणीतरी काढून ठेवतं आणि मग ती परत बसतच नाही. सीलबंद बॅटरीत तो मार्गच बंद होतो.

मागच्या बाजूला यूएल २१७ किंवा ईएन १४६०४ यांपैकी एका मानकाची खूण आहे ना, ते पाहून घ्या. यूएल २१७ च्या आठव्या आवृत्तीपासून फोमच्या आगीची चाचणी आली आणि स्वयंपाकाच्या धुराला अलार्मने फसू नये याचीही चाचणी आली, म्हणून मिळत असेल तर त्यानंतरचाच घ्यावा. खूण नसलेला स्वस्त अलार्म मी फुकटसुद्धा घेणार नाही.

बसवायच्या जागांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. धूर गरम असतो, आधी वर जातो आणि छताला लागून पसरतो, म्हणून अलार्म छताच्या मध्याजवळ उत्तम. आमच्या संचाच्या माहितीपत्रकात भिंतीपासून आणि दिव्यांपासून ३० सेंटीमीटर अंतर सांगितलं आहे, ते पाळलं. भिंतीवरच लावायची वेळ आली तर छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत लावावा, पण अगदी कोपऱ्यात कोंबू नये. उतरतं छत असेल तर सर्वात उंच रेषेपासून ९० सेंटीमीटरच्या आत. फक्त शेंड्याचे १० सेंटीमीटर सोडायचे, तिथे हवा साचून राहते आणि धूर पोचत नाही.

पंखा हा मात्र मोठा अडथळा. बेडरूमचा पंखा अगदी मध्यभागी असतो आणि अलार्मलाही तीच जागा हवी असते. पंख्याचा वारा धुराला अलार्मपासून लांब ढकलतो. पात्याच्या टोकापासून निदान ९० सेंटीमीटर लांब, ही मर्यादा मी कसोशीने पाळली. आमच्या खोलीत त्यामुळे अलार्म दाराच्या बाजूला सरकला, आणि तसाही धूर बहुधा दाराकडूनच येणार, म्हणून मला ते पटलं. एसीच्या झोताचंही तसंच, तिथूनही ९० सेंटीमीटर. न्हाणीघराच्या दारापासूनही तेवढंच अंतर ठेवलं, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेवर रोज सकाळी बोंब. वरच्या पॅसेजमध्ये हे सगळं एकाच वेळी जमवताना माझ्या नवऱ्याने शिडी धरून जी चिकाटी दाखवली तिचं कौतुक इथे करायलाच हवं.

जिन्याच्या वरच्या टोकाला एक अलार्म असलाच पाहिजे. खालचा धूर जिन्यातूनच वर चढतो. जिन्याखाली मुलाची बॅटरीवरची सायकल चार्ज करायचा विचार घरात निघाला होता, तो मी लगेच मोडून काढला. लिथियम बॅटरी पेटली तर फार जोरात पेटते, आणि बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर ती असता कामा नये. सायकल आता मागच्या पडवीत चार्ज होते, दिवसा, कुणीतरी जागं असताना.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म बसवू नका. शेगडीपासून ३ मीटर तरी लांब ठेवा. आमचा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दार नाही, त्यामुळे हॉलचा अलार्म पार पलीकडच्या टोकाला गेला. स्वयंपाकघरात त्याच संचातला उष्णता-अलार्म लावला आहे. तो धुराकडे बघतच नाही, छताजवळचं तापमान साधारण ५८ अंश सेल्सिअसला पोचलं की वाजतो, आणि तोही बाकीच्यांना जोडलेला आहे. वाफ, परतण्याचा धूर, काहीही असो, अजून तो एकदाही उगाच वाजलेला नाही. पण उष्णता-अलार्म उशिरा जागा होतो, त्यामुळे तो बेडरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये धुराच्या अलार्मऐवजी चालत नाही. दुकानात तसा सल्ला मिळाला तर मुळीच ऐकू नका.

सासूबाईंची खोली हा माझ्यासाठी सगळ्यात काळजीचा विषय होता. त्या रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात. नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे चांगलाच तार असतो, आणि वयानुसार ऐकू येणं आधी त्याच पट्टीत कमी होतं. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला, भरीव आवाज कमी ऐकू येणाऱ्यांना पुष्कळ चांगला जागा करतो. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या डोरोथी ब्रुक यांनी झोप आणि अलार्म यांवर जे काम केलं त्यातून हे पुढे आलं. लहान मुलंही तार आवाजात गाढ झोपून राहतात, हेही त्यांच्याच अभ्यासातून दिसलं. आमच्या संचाला ५२० हर्ट्झचा वेगळा भोंगा आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती जोडता येते, म्हणून मी तो निवडला. "अगं, हे काय भूकंप झाल्यासारखं!" ही सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चकतीची वायर कॉटच्या पायाला नीट बांधून घेतली, अडखळायला नको म्हणून.

सगळं बसल्यावर रात्री सगळे झोपल्यावर मी बटण दाबून चाचणी घेतली. मोठ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, मुलांना नाही. सासूबाई चकतीमुळे लगेच उठून बसल्या. मुलगी उठली. धाकटा कूस बदलून पुन्हा झोपला, डोक्यावर अलार्म कोकलत असताना. त्यामुळे आता ठरलंय: अलार्म वाजला की मी थेट धाकट्याकडे, नवरा जिन्याने सासूबाईंकडे, मुलगी आपली आपण बाहेर, आणि सगळे फाटकाबाहेर दिव्याच्या खांबापाशी. जिन्यात धूर असेल तर वरच्यांनी मुलांच्या खोलीत शिरून दार लावायचं आणि खिडकीतून ओरडायचं. अलार्म घेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहाच. कोण उठतं आणि कोण नाही, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

तक्रारीही आहेत. जोडलेल्या संचात एक उगाच वाजला की सगळं घर वाजतं, आणि मूळ कुठला ते शोधावं लागतं. आमच्यात ज्याला धूर लागला त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, पण भर दुपारच्या उजेडात तो दिवा नीट दिसत नाही. कुठल्याही अलार्मचं शांत करायचं बटण दाबलं की मूळ सोडून बाकीचे गप्प होतात. वाजत राहतो तोच दोषी. ही युक्ती माहितीपत्रकात इतक्या आत दडवली आहे की तिला पहिल्या पानावर जागा द्यायला हवी होती. दुसरं, सोबतचे स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्या अगदीच किरकोळ आहेत. काँक्रीटच्या छतात त्या फिरतात. चांगल्या गिट्ट्या वेगळ्या आणा. तिसरं, काँक्रीटच्या जाड स्लॅबमधून बिनतारी लहरी अशक्त होतात. सगळे अलार्म टेबलावर ठेवून जोडून घेतले तरी बसवल्यानंतर एकमेकांपासून सर्वात लांबच्या दोघांकडून चाचणी घ्या. आमच्याकडे हॉलचा अलार्म हातभर सरकवावा लागला.

मोबाइलवर सूचना देणारं मॉडेलही मिळतं. मी घेतलं नाही. घरात माणसं असतात तेव्हा त्यांना उठवायला आवाज लागतो, आणि तो इंटरनेटवर अवलंबून नसावा. घर दिवसभर रिकामं राहत असेल तर वेगळा विचार करायला हरकत नाही.

देखभाल थोडीच आहे, पण ती चुकवू नका. महिन्यातून एकदा बटण दाबायचं. अधूनमधून व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने कडेच्या फटी झाडायच्या, कारण धूळ आणि बारीक किडे आत गेले की फोटोइलेक्ट्रिक डबी त्यांनाच धूर समजते. घराला रंग देताना अलार्म उतरवून ठेवा, त्यावर रंगाचा हात फिरवू देऊ नका. मिनिटाभराने एकेक बारीक चिवचिव ऐकू आली तर ती आग नव्हे, बॅटरी संपत आल्याची खूण आहे. बहुधा पहाटे सुरू होते, कारण गारव्यात बॅटरीचा दाब आणखी उतरतो. सीलबंद प्रकारात अशा वेळी सबंध अलार्मच बदलायचा. चिवचिव झाली नाही तरी उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी तो बदलावाच लागतो, कारण आतला संवेदकही जुना होतो. ही तारीख पाठीमागे छापलेली असते आणि छताला लागल्यावर दिसत नाही. मी ती प्रत्येकाच्या कडेवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, शिडी न लावता खालून वाचता येईल अशी.