मिरचीची रोपं पिवळी: पाणी जास्त की खत कमी?

आषाढात रत्नागिरीकडे घरातल्या खिडकीत कपात लावलेली मिरचीची रोपं पिवळी पडली की जो तो युरिया टाकायला धावतो, अरे थांबा जरा. पाणी जास्त झालं असेल तर माती ओली असूनही पानं मलूल लोंबतात, कप उचलला तर जड लागतो आणि खालच्या भोकाला नाक लावलं की कुबट वास येतो. नत्र, म्हणजे युरियातून मिळणारा नायट्रोजन, कमी असेल तर रोप ताठ, पण खालची जुनी पानं आधी फिकी, कारण रोप तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं, नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) हे हमखास. पहिली दोन बीजपत्रं (बी रुजताना येणारी पानं) गळली तर सोडून द्या, ती गळायचीच. आपल्याकडच्या दमट हवेत माझा पहिला संशय पाण्यावरच, बोटाचं पेर मातीत घालून बघा, ओलं लागलं तर खताचं नावच नको.