जुने गेम, छोटा लॅपटॉप: ताणायचं, काळ्या पट्ट्या ठेवायच्या की पॅच टाकायचा?

हातात ११.६ किंवा १४ इंची, १३६६×७६८ स्क्रीनचा लॅपटॉप आहे आणि खेळायचेत २००० च्या आगेमागचे गेम. अशा वेळी तीन वाटा असतात.

पहिली म्हणजे चित्र स्क्रीनभर ताणणं. बहुतेक लॅपटॉपवर हे आपोआपच होतं, म्हणून लोक तसंच खेळत बसतात. पण जुन्या गेमचं ४:३ चं (रुंदी ४, उंची ३) चित्र १६:९ च्या रुंद स्क्रीनवर पसरलं की रुंदीला एक तृतीयांशाने फुगतं. रोड रॅशमधले रायडर बुटके होतात, चाकं लंबगोल. ही वाट सरळ सोडून द्या.

खरी निवड उरलेल्या दोघींत: चित्राचा आकार जपून बाजूला काळ्या पट्ट्या ठेवणं, किंवा पॅच, म्हणजे गेमला रुंद स्क्रीन वापरायला लावणारी छोटी दुरुस्ती-फाइल. आणि ती निवड गेमवर ठरते.

एज ऑफ एम्पायर्स २ सारखा टू-डी गेम असेल तर काळ्या पट्ट्या. १०२४×७६८ ची उंची आपल्या स्क्रीनशी तंतोतंत जुळते, त्यामुळे काहीच मोठं करावं लागत नाही. दोन्ही बाजूंना १७१ पिक्सेल काळे राहतात आणि चित्र कोरीव दिसतं. फुल एचडी स्क्रीनवर हेच चित्र सुमारे १.४ पट वाढवावं लागतं आणि अक्षरं धुरकट होतात. म्हणजे इथे स्वस्तातली स्क्रीनच सरस! तोटा एकच: ११.६ इंचांतलं चित्र जेमतेम साडेनऊ इंचांचं उरतं. ६४०×४८० चे गेम मात्र थोडे धूसर दिसणारच.

इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘मेन्टेन अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडायचं. तो पर्याय सापडत नसेल तर आधी डेस्कटॉपच १०२४×७६८ वर न्या. पुष्कळ ड्रायव्हरमध्ये तो तेव्हाच उगवतो.

थ्री-डी गेमला पॅचच हवा. जीटीए: व्हाइस सिटी १३६६×७६८ वर चालतो खरा, पण कोपऱ्यातला गोल नकाशा अंड्यासारखा होतो. २००५ च्या नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेडमध्ये तर वाइडस्क्रीनची (रुंद स्क्रीनची) सोयच नाही. दोन्हींसाठी ‘वाइडस्क्रीन फिक्स’ फुकट मिळतो: गेमच्या फोल्डरात फाइली टाकल्या की झालं. एज ऑफ एम्पायर्स २ च्या काँकरर्स या विस्तारालाही ‘युजरपॅच’ आहे. उंची ७६८ च राहत असल्याने सैनिक बारीक न होता बाजूचा नकाशा जास्त दिसतो. त्यामुळे पट्ट्या खुपत असतील तर हा टाका. याच गेमची २०१९ ची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, अशा लॅपटॉपला जड जाते.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचे गेम वेगळेच. प्रिन्स ऑफ पर्शिया ३२०×२०० चा, पण जुन्या मॉनिटरवर तो ४:३ आकारात उभा ताणून दिसायचा. असे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ चालू करा, नाहीतर राजपुत्र चेपलेला दिसेल.

आणि सेफडिस्क (नक्कल रोखणारं कुलूप) असलेली जुनी सीडी विंडोज १० वर चालत नाही. त्या गेमची जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर प्रत मिळते का, हे पॅच शोधण्याआधी बघा.