तीन मुलं, सकाळ एकच: वॉल्डॉर्फ नियोजनाच्या कार्यशाळेबद्दल, वर्षभरानंतर

गेल्या मे महिन्यात पुण्यात कर्वेनगरला एका ताईंच्या घरी दोन शनिवार जाऊन मी ही कार्यशाळा केली. विषय होता वॉल्डॉर्फ पद्धतीने, म्हणजे जर्मनीत सुरू झालेल्या, मुलाच्या वयाप्रमाणे विषय ठरवणाऱ्या पद्धतीने, घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी वर्षाचं नियोजन. फी 4,500 रुपये, त्यात एक छापील वही आणि नंतर फोनवर एक तास बोलणं. ताईंना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. तेव्हा लगेच लिहायचं टाळलं, कारण मे महिन्यात सगळेच आराखडे छान दिसतात. आता मार्च संपत आलाय. काय टिकलं आणि काय गळून पडलं ते मला नीट सांगता येईल.

माझी थोरली 11 वर्षांची, मधला 9 चा, धाकटी 5 ची. तिघंही घरीच शिकतात.

पहिल्या शनिवारी मी घरून चिठ्ठ्या करून नेल्या होत्या. थोरलीच्या लाल, मधल्याच्या निळ्या, धाकटीच्या पिवळ्या. या पद्धतीत एक विषय तीन-चार आठवडे रोज सकाळी सलग दोन तास चालतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो संपला की बाजूला ठेवायचा, मुरू द्यायचा, आणि पुढचा घ्यायचा. ताईंनी फरशीवर खाकी कागदाचा मोठा ताव अंथरला, जून ते मार्च रकाने आखले आणि म्हणाल्या, लाव चिठ्ठ्या. ऑगस्टपर्यंत येईतो एकेका रकान्यात तीन-तीन चिठ्ठ्या एकमेकींवर चढल्या होत्या. त्यातून गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचे तीन आठवडे मी मोजलेच नव्हते. ताई वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, सकाळ एकच आहे ना तुझ्याकडे? मग ब्लॉकही एकच." त्यांनी निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या उचलून माझ्या हातात दिल्या. मला रडू आलं, खरंच. दोन वर्षं मी तीन शाळा चालवत होते आणि तिन्ही अर्धवट राहत होत्या.

यामागचं कारणही त्यांनी छान उलगडलं. पहिली वॉल्डॉर्फ शाळा 1919 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला निघाली, वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. मालक एमिल मोल्ट यांनी ही पद्धत मांडणाऱ्या रुडॉल्फ श्टाइनर यांना बोलावलं होतं. तिथे एका वयाच्या मुलांचा एक वर्ग आणि त्या वर्गाबरोबर वर्षानुवर्षं पुढे सरकणारा एकच शिक्षक, अशी रचना. प्रत्येक वयाला कुठली गोष्ट, कुठला विषय हे त्याच रचनेतून आलंय. घरात मात्र तीन वयं एकाच सतरंजीवर बसतात. तेव्हा सोय बघून मुलं एकत्र करायची नाहीत, कुठला विषय दोघांनाही आपापल्या जागी भिडेल ते शोधायचं.

आमच्या घरात हे कसं उतरलं ते सांगते. तिसरीच्या वयाला, म्हणजे साधारण नवव्या वर्षी, शेती, घरबांधणी आणि मोजमाप येतं. या पद्धतीत असं मानतात की या वयात मुलाला पहिल्यांदा जाणवतं की आपण आई-बाबांपेक्षा वेगळे आहोत, एकटे आहोत. म्हणून आपल्या हातांनी निवारा उभा करणं, धान्य पिकवणं. तिकडच्या वॉल्डॉर्फ शाळांत या वर्षी बायबलच्या जुन्या कराराच्या गोष्टी सांगतात. पाचवीला प्राचीन भारत आणि वनस्पतिशास्त्र. मी दोघांसाठी वनवास घेतला. घर सुटलेली माणसं पंचवटीत पर्णकुटी बांधतात, हे मधल्याला हवं होतं. थोरलीला त्यातून रामायण मिळालं आणि दंडकारण्यातली झाडं. पर्णकुटी आम्ही अंगणात बांबू आणि नारळाच्या झावळ्यांची बांधली. धाकटी तिच्यात बाहुलीला घेऊन झोपली, तिचा ब्लॉक तेवढाच.

शेतीचा ब्लॉक मात्र सलग करायचा नाही, हे ताईंनी आवर्जून सांगितलं आणि ते सोन्यासारखं ठरलं. भोरला माझ्या मामांचं भाताचं शेत आहे. जुलैत लावणीचा आठवडा, दिवाळीनंतर कापणीचा आठवडा, मध्ये बाकीचे विषय. लावणीच्या दिवशी चिखलातून पाय ओढून काढताना मधला एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने वहीत पानभर फक्त हिरवी रोपं काढली, ओळीत.

मोजमाप मामीच्या माजघरातल्या धान्य मोजायच्या जुन्या शेर, अधोली आणि पायलीवर झालं. चार शेर म्हणजे एक पायली, आणि अर्धी पायली म्हणजे अधोली. मधल्याने शेर शिगोशीग भरून पायलीत ओतला, आणि पायली चार शेर व्हायच्या आत भरली. थोरली म्हणाली, तू चुकलास. तो म्हणाला, माप चुकीचं आहे. मी गप्प बसले. दहा मिनिटं दोघांची वादावादी झाली, मग त्याने तळहाताने शीग निपटली, पुन्हा भरायला घेतलं आणि बरोबर चार मापं मोजली. त्याच संध्याकाळी थोरलीने अधोलीवरून अर्धा आणि शेरावरून पाव लिहिलं, आणि पाव अधिक पाव म्हणजे अर्धा हे भाताने करून दाखवलं. वर्षभर अपूर्णांकांशी झगडत होती ती.

आता तक्रार. त्या छापील वहीसाठी वेगळे पैसे लागत असते तर मी दिले नसते. वही परदेशातल्या एका आराखड्यावरून जवळजवळ जशीच्या तशी उतरवलेली. वर्ष सप्टेंबरला सुरू, 29 सप्टेंबरला मायकलमस, 11 नोव्हेंबरला मार्टिनमसची कंदिलांची फेरी, मग नाताळाआधीचे अ‍ॅडव्हेंटचे चार रविवार, असे सगळे ख्रिस्ती सण. ऋतूच्या टेबलावर, म्हणजे त्या त्या ऋतूतल्या वस्तू मांडायच्या घरातल्या जागी, ऑक्टोबरमध्ये वाळकी पानं मांडा, असं लिहिलंय. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये तेरडा आणि सोनकी असते. वेताळ टेकडीवर पानगळ होते ती माघ-फाल्गुनात, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा. ज्यांच्या घरी ते सण होतात त्यांनी जरूर करावेत. पण ताईंना आपला ऋतू इतका कळतो, बोलताना त्या बेंदूर, भोंडला, दिवाळीतला किल्ला सगळं सांगतात, मग वहीत ते का नाही? मी ती पानं बाजूला ठेवून कालनिर्णय उघडलं आणि सगळं त्यावर पुन्हा बसवलं. त्या एका रात्रीत आमचं वर्ष उभं राहिलं. किल्ला हाच मधल्याचा दिवाळीचा ब्लॉक, भोंडला हीच तिघांची सकाळची फेर धरून म्हणायची गाणी.

फॉर्म ड्रॉइंगचा, म्हणजे रेषा आणि आकृत्या काढायचा, तास उत्तम होता. हात मोकळा करणाऱ्या रेषा, आरशासारख्या दोन बाजू, मग गुंफलेल्या आकृत्या. ताईंनी ठिपक्यांची रांगोळी घालायला लावली आणि सगळं एकदम जवळचं वाटलं. चातुर्मासात सासूबाई देवापुढे रोज 33 गोपद्मं काढतात, धाकटी आता त्यांच्या शेजारी बसते. "पाच वर्षांची झाली, अजून ग म भ न नाही?" असं त्या आधी विचारायच्या. हल्ली विचारत नाहीत.

सात वर्षांखालच्या मुलांवर अर्धाच तास मिळाला, तो कमी पडतो. घरातलं सर्वांत लहान मूल सांभाळूनच मोठ्यांचा धडा होतो, हे तर सर्वांत कठीण. परीक्षेबद्दलही काही नव्हतं. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावरच देता येते, म्हणजे 11 वर्षांच्या मुलाच्या पालकांनी आत्ता घाबरू नये, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

एकापेक्षा जास्त मुलं घरी शिकवत असाल तर मात्र नक्की जा. फोनवरचा तास जूनमध्ये वापरू नका, ऑगस्टपर्यंत राखून ठेवा, खरे प्रश्न तेव्हा पडतात. रंग-कागदासाठी ताई देतात ती यादी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलात की जाड ड्रॉइंग पेपर आणि कोऱ्या वह्या एका फेरीत मिळतात. आणि जाताना कालनिर्णय बरोबर न्या.