हार्लेमचं टेन बूम घर: बघायला जाताना काय बघावं

ॲमस्टरडॅमहून हार्लेम रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं की बार्टेलयोरिस रस्त्यावरचं १९ क्रमांकाचं घर येतं. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यू लोकांना लपवलं ते हेच घर. टेन बूम कुटुंबाने १८३७ साली इथे घड्याळांचं दुकान थाटलं आणि ते वरच्या मजल्यांवर राहत. १९८८पासून घराचं संग्रहालय झालं. प्रवेशाला पैसे घेत नाहीत, देणगी मात्र जरूर द्यावी. पण आयत्या वेळी जाऊन आत जागा मिळेल या भरवशावर राहू नका. खोल्या लहान, एका वेळी मोजक्याच लोकांना घेतात, त्यामुळे इंग्रजी फेरीची जागा संकेतस्थळावर आधीच धरून ठेवा. फेरी साधारण तासाभराची असते.

सुरुवात बैठकीच्या खोलीत होते. इथे माहिती देणारे श्रद्धावंत असतात आणि ते देवाच्या वचनाबद्दल मोकळेपणाने बोलतात. ते योग्यच आहे, कारण ते वगळलं तर या घराचा अर्थच लागत नाही. ज्यू लोकांसाठी प्रार्थना करायला या घरात १८४४ सालीच मंडळी जमू लागली होती. शंभर वर्षांनी, देश नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, त्याच लोकांना लपवायची वेळ आली, तेव्हा कास्पर टेन बूम आणि त्यांच्या मुली बेट्सी आणि कॉरी यांना वेगळा निर्णय घ्यावा लागला नाही.

खरा वेळ द्यावा तो सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कॉरीच्या खोलीला. भिंतीपुढे दुसरी भिंत उभारून मागे जेमतेम ७५ सेंटिमीटर रुंदीची जागा काढली होती. भिंत विटांची, कारण लाकडी फळ्यांवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. विटा ब्रीफकेसमधून थोड्या थोड्या आणल्या आणि नव्या रंगावर मुद्दाम जुनाट डाग पाडले. आत शिरायची वाट कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून. आता पाहुण्यांना आतलं दिसावं म्हणून भिंतीला मोठं भगदाड पाडलं आहे. गर्दी तिथेच होते. तुम्ही मात्र आधी खाली वाकून तो कप्पा पाहा, म्हणजे घाईत तिथून सरपटत जाणं काय असेल ते कळतं.

धोक्याची घंटा वाजली की सगळ्यांनी आत जायचं, याचा सराव चालायचा. सुरुवातीला चार मिनिटं लागत, ती ७० सेकंदांवर आणली. नुसतं माणसांनी लपून भागत नसे. गादीवर अंगाची ऊब राहिली तर संशय येतो, म्हणून गाद्या उलटायच्या आणि जेवणाच्या टेबलावरची जादा ताटंही उचलायची.

२८ फेब्रुवारी १९४४ला नाझी पोलिसांचा छापा पडला. मदत मागायला आलेला माणूसच खबऱ्या निघाला. खिडकीतली आल्पिना घड्याळांची त्रिकोणी पाटी म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ अशी खूण होती. बेट्सीने ती पाडली, पण पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती परत उभी केली. त्यामुळे दिवसभर येणारे अलगद हाती लागले. लपलेले सहा जण मात्र सापडले नाहीत. सुमारे ४७ तासांनी भूमिगत कार्यकर्त्यांनी त्यांना बाहेर काढलं.

कास्पर तेव्हा ८४ वर्षांचे होते. नीट वागण्याच्या अटीवर अधिकाऱ्याने त्यांना घरी सोडायची तयारी दाखवली. आज घरी गेलो तर उद्या दार ठोठावणाऱ्या कोणालाही आत घेईन, असं त्यांनी सांगितलं. दहा दिवसांत ते कैदेत वारले. बेट्सी आणि कॉरीला पुढे जर्मनीतल्या राव्हेन्सब्र्युक छळछावणीत नेलं, आणि बेट्सी डिसेंबरमध्ये तिथेच वारली. तिथल्या बराकीत पिसवा इतक्या की पहारेकरी आत पाऊल टाकत नसत, आणि म्हणूनच बहिणींना रोज रात्री बायबल वाचता आलं. छावणीचा हा भाग तासाभराच्या फेरीत भराभर आटोपला जातो. या घराच्या साक्षीत त्याचं वजन मोठं आहे, त्याला आणखी वेळ मिळायला हवा.

जिने अरुंद आणि चढे आहेत, व्हीलचेअर वर जात नाही. गुडघे दुखत असतील किंवा नेदरलँड्सला जाणं जमणार नसेल, तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घराची आभासी फेरी आहे. आपल्या मंडळीतल्या तरुणांना ती पडद्यावर दाखवायची असेल, तर कॉरीच्या खोलीपाशी थांबून कप्प्याचं आणि भिंतीचं काम नीट समजावून सांगा.