कॅम्परच्या फायबर टपाला घरीच पीयू रंग : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आमच्या कॅम्परच्या, म्हणजे ट्रॅव्हलर गाडीच्या, टपाला मी आणि माझ्या धाकट्या भावाने फेब्रुवारीत घरामागच्या अंगणात पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला. त्यानंतर बेळगावचा उन्हाळा, मे महिन्यातले वळीव आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पावसाळा असं सगळं त्याच्यावरून गेलं. दसऱ्यानंतर शिडी लावून नीट पाहिलं, म्हणून आता खात्रीने लिहिते: रंग टिकलाय. घरी करायचा विचार असेल तर जरूर करा, पण वेळ घासण्यासाठी राखून ठेवा.

गाडी जुनी आहे. मूळ पत्र्याचा टप कापून त्यावर फायबरचा उंच टप बसवलेला. फायबरच्या सगळ्यात वर जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा थर. उन्हाने तोच आधी मरतो. चमक जाते, मग पांढरी भुकटी सुटायला लागते. आमच्या टपावरून हात फिरवला की तळहात खडूने माखल्यासारखा व्हायचा. पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणि वरच्या पंख्याच्या भोकाभोवती बारीक चिराही होत्या. बाहेर दोन ठिकाणी विचारलं, तर केवळ टप करायला कोणी तयार नाही, पूर्ण गाडीच रंगवा म्हणतात. मग घरीच करायचं ठरवलं. टप पांढराच ठेवला. उन्हाच्या दृष्टीनेही तेच बरं, आणि गाडीचा रंग बदलला की आरसीवर नोंद करत बसावं लागतं.

सामान उद्यमबागेतून आणलं. तिथे गाड्या रंगवण्यात आयुष्य गेलेले एक मामा भेटले. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "ताई, रंग काय कोण बी मारतंय, घासायला माणूस पायजे." अगदी खरं आहे. सोलर पॅनल आणि कॅरिअर उतरवणं, जुनं सिलिकॉन खरवडून काढणं, धुणं, घासणं यातच जवळपास सगळं काम संपतं. सिलिकॉनचं विशेष सांगते. पंख्याभोवती आधीच्या माणसाने ते सढळ हाताने फासलं होतं. त्याचा अंश जरी राहिला तरी रंग तिथे धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात. शिवाय घासण्याच्या आधीच वॅक्स-रिमूव्हरने पुसायला हवं, नाहीतर पेपरने तोच तेलकटपणा सगळीकडे पसरतो. कापडही सारखं बदलत राहायचं.

झालं की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पाणी. मगभर पाणी हळूहळू ओतायचं. ते अखंड पापुद्र्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे आक्रसून थेंब झाले तर तिथे अजून मेण किंवा सिलिकॉन आहे. आमच्याकडे पंख्याच्या मागे हातभर पट्टा पुन्हा पुन्हा थेंब दाखवत राहिला, आणि तो जाईपर्यंत आम्ही पुढे सरकलो नाही. आज त्या पट्ट्यावर रंगाचा एक पापुद्राही सुटलेला नाही.

चिरांवर नुसता रंग चढवून भागत नाही, त्या खालून परत वर येतात. प्रत्येक चीर त्रिकोणी खाचेसारखी उघडली, इपॉक्सी पुट्टी भरली, मग सगळा टप १८० आणि नंतर ३२० नंबरच्या पाणीपेपरने ओला घासला. ओला घासल्याने धूळ उडत नाही. फायबरची धूळ अंगाला लागली की भयंकर खाज सुटते, तेव्हा अंगभर कपडे हवेतच.

वर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-के पीयूचे, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या पीयूचे, दोन हात, बारीक स्पंजच्या रोलरने. स्प्रे मुद्दाम टाळला. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यात त्याचं धुकं होतं आणि ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. कोरोनातले मास्क इथे काही कामाचे नाहीत. रोलरने लावतानाही मी कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे वापरले, आणि भावाला त्याशिवाय शिडी चढू दिली नाही.

आता आपल्या हवेचं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, थंडीत रात्री चांगलंच दव पडतं. ताज्या पीयूवर दव बसलं की चमक मरते आणि परत येत नाही. म्हणून सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर सुरू करायचं आणि दुपार कलण्याआधी रोलर खाली ठेवायचा. नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम हवा. आम्ही टपाचा छायेतला भाग आधी केला, कारण तापलेल्या भागावर रंग सपाट पसरायच्या आत वाळायला लागतो आणि रोलरच्या कडा दिसतात. नंतर आठवडाभर पाण्याचा थेंबही लागू दिला नाही.

आता टप कसा आहे? हात फिरवला तर स्वच्छ. पाऊस पडला की पाणी थेंब होऊन घरंगळतं. चोर्ल्याच्या रस्त्यावर फांद्या घासून चरे पडलेत, पण वरवरचे, प्रायमर उघडा पडलेला नाही. कॅरिअरच्या पायांखाली, जिथे पाणी साचतं, तिथे हिरवट शेवाळ धरलं होतं. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघालं. रोलरची संत्र्याच्या सालीसारखी खरखर जवळून दिसते, खालून कळत नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या आत फार फरक पडला नाही. टप आधीही पांढराच होता, आणि गारवा हवा असेल तर आतून इन्सुलेशनच करावं लागतं.

टेरेसचा वॉटरप्रूफिंग रंग लावा, स्वस्त पडेल, असं शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. त्यांचं घर त्याने गळायचं थांबलंय, त्यांचा अनुभव खरा आहे. पण तो रंग मऊ राहतो, धूळ धरून ठेवतो, आणि फांदी घासली की सालपट निघू शकतं. हलणाऱ्या गाडीवर मी तो लावणार नाही.

डाव्या कोपऱ्यातली एक चीर मात्र परत दिसायला लागली आहे. खड्ड्यातून जाताना टप तिथेच पिळवटतो, तेव्हा पुट्टीला तो ताण सोसत नाही. तिथे आता आतून काचेची मॅट आणि रेझिन लावून तो भाग भक्कम करायचा आहे आणि मगच वरून रंग. डब्यात उरलेला रंग चांगला आहे, पण हार्डनरचा डबा उघडला की हवेतल्या ओलीने बिघडतो. तेवढ्या कोपऱ्यासाठी छोटा नवा डबा आणते आहे, फेब्रुवारीच्या आत.