वर बाग, खाली म्हापशाचा शुक्रवार : दिल्लीचं राजीव चौक मेट्रो स्टेशन, साडेतीन स्टार

आधीच सांगतो, मी गोव्यातल्या पेडण्याचा. आमच्याकडे जमिनीखालून गाडी जाते म्हटलं की कोणी टाळ्या वाजवत नाही, पहिला प्रश्न असतो पाणी कुठून येतंय. मालपे-पेडणे बोगद्यानं कोकण रेल्वेला काय रडवलंय ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, दीड किलोमीटरचा तर बोगदा पण आत दगड नाही, लोण्यासारखी माती, खोदलं की वरनं खाली, खोदलं की वरनं खाली. शेवटी 26 जानेवारी 1998 ला लाईन पूर्ण चालू झाली. आणि एवढं सगळं होऊन 2024 च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी आलं नि गाड्या ठप्प. त्यामुळे मी राजीव चौकाला उतरलो तेव्हा लोक मोबाईलमध्ये बघत होते आणि मी छताकडे.

भाचा दिल्लीतल्या द्वारकेला असतो, त्याच्याकडे आठ दिवस होतो. मडगावहून मंगला एक्सप्रेस पकडून निजामुद्दीन, आणि मग रोज ब्लू लाईननं कुठे ना कुठे, मध्ये राजीव चौकात उतरून यलो लाईन. दोन्ही लाईनी इथेच भेटतात, त्यामुळे अख्खी दिल्ली इथे गाडी बदलायला येते असं वाटतं.

पण पहिल्या दिवशी भाचा म्हणाला, मामा आधी वर चला, खालचं नंतर बघू. वर म्हणजे कॅनॉट प्लेसच्या मधोमध सेंट्रल पार्क. गोल बाग, हिरवळ, पोरं लोळतायत, जोडपी बसलीयत, आणि तो 207 फुटी खांबावरचा तिरंगा, 2014 मध्ये लावलेला, वारा असला की बघतच राहावं असा. मी तिथं शेंगा खात बसलो आणि भाचा म्हणतो, तुमच्या बुडाखाली स्टेशन आहे. खरं सांगतो, अजिबात कळत नाही. हादरा नाही, आवाज नाही. हवेसाठीची बांधकामं आणि आत उतरायचे जिने दिसतात म्हणून, नाहीतर बागच.

आता ही बाग काही जशीच्या तशी नाही राहिलेली. सगळी खणून काढली होती, स्टेशन बांधलं आणि वर परत नवी बसवली. अशी स्टेशनं बांधतात कशी ते मी मग रात्री बसून वाचलं. आधी जमिनीत खोलवर चारी बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, मग मधली माती काढायची, तळाला स्लॅब, वर स्लॅब, त्यावर पाणी मुरू नये म्हणून थर, आणि मग त्या छपरावर माती घालून गवत. म्हणजे बाग म्हणजे खरं तर मोठी कुंडी. म्हणूनच छपरावरच्या मातीत वड-पिंपळ वाढवता येत नाही, मुळं जाणार कुठे. हिरवळ, झुडपं, कारंजी, एवढंच. जुन्या दिल्लीखाली मात्र घरांच्या दाटीत असं उघडं खणता येईना म्हणून तिथं बोअरिंग मशीननं बोगदा काढला.

अजून एक गंमत. जमिनीत पाणी असलं की रिकामा काँक्रीटचा डबा वर यायला बघतो. हे मला वाचून शिकायची गरज नव्हती, आमच्या शेजाऱ्यांची नवी जमिनीतली टाकी, भरायच्या आधीच मोठा पाऊस लागला, सकाळी बघतो तर एका बाजूनं हातभर वर. त्यामुळे स्टेशनच्या डोक्यावर ती बागेची माती आहे ना, ती नुसती शोभेची नाही, वजन म्हणून पण कामाला येते. हे कळल्यावर मी परत जाऊन त्या हिरवळीवर बसलो. बायको म्हणाली, दिल्लीत येऊन बघण्यासारखं हेच का, लाल किल्ला राहिलाय अजून.

दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे एमडी ई. श्रीधरन, तेच आधी कोकण रेल्वेचे प्रमुख. 2005 च्या जुलैत यलो लाईन इथे आली आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला ब्लू. आमच्या चिखलात हात पोळलेला माणूस तिकडे गेला याचं मला उगाच बरं वाटलं, आपला काहीतरी हातभार लागला म्हणून.

बाग आणि छप्पर, पाच पैकी पाच. आता खालचं.

संध्याकाळी सहा ते आठ जाऊ नका. हात जोडून सांगतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि त्यातले सगळे जण एकाच वेळी एकाच कदंबात, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसमध्ये, चढतायत, असं डोळ्यासमोर आणा. बायको पहिल्या डब्यातून आरामात गेली कारण तो बायकांचा, आणि मी मागं कोणाच्या तरी बॅकपॅकला गाल टेकवून. सिक्युरिटीला रांग, बॅग मशीनमध्ये, परत रांग. आणि आतला हॉल गोल आहे, गोल जागेत दिशा कळत नाही हो, मी एकदा ज्या गेटनं जायचं ते सोडून कॅनॉट प्लेसच्या भलत्याच ब्लॉकला वर आलो आणि अर्धा गोल चालत फिरलो. गेट नंबर आधीच विचारून ठेवा, पाट्या आहेत पण गर्दीत वाचायला थांबलात तर मागचा माणूस तुम्हाला घेऊनच पुढे जातो.

तिकीट स्वस्त, 2025 च्या ऑगस्टात वाढवलं तरी कमीत कमी 11 आणि जास्तीत जास्त 64. एसी चांगला. स्वच्छ, कोपऱ्यात पानाची पिचकारी मला तरी दिसली नाही. मेव्हण्यानं फोनवर विचारलंच की बाटली नेता येते का, तर मेट्रोनं 2023 मध्ये सीलबंद दोन बाटल्यांना परवानगी दिली होती, पण राज्याबाहेरची दारू म्हटलं की एक्साइजचे नियम वेगळे, तेव्हा आपली फेणी घरीच ठेवा.

दीड स्टार कापला तो गर्दीचा आणि त्या गोल हॉलचा. सकाळी अकराच्या सुमाराला जा, आधी बागेत अर्धा तास बसा, मग खाली उतरा. शेंगा दहाच्याच घ्या, वीसच्या संपत नाहीत आणि आत खायला देत नाहीत.